#धागा : मंदीवाल्यांची कोंडी – ॲमस्टरडॅम १६०९, न्यूयॉर्क १९०१, मुंबई १९८२ आणि मेम्फिसचा एक किराणा दुकानदार

मुंबईच्या शेअर बाजाराची एक कथा मराठी आणि गुजराती घरांत चाळीस वर्षे सांगितली जात आहे. १९८२ साली कलकत्त्याच्या मंदीवाल्या दलालांनी रिलायन्सचा भाव पाडायचे ठरवले. हातात नसलेले शेअर त्यांनी धडाधड विकले. धीरुभाई अंबानींच्या मित्रदलालांनी ते सारे विकत घेतले आणि हिशेबाच्या दिवशी म्हटले, ‘आता शेअर आणून द्या.’ मंदीवाल्यांजवळ शेअर नव्हते. भाव भडकला, बाजार बंद ठेवावा लागला, मंदीवाले शरण आले.

कथा चांगली आहे आणि बऱ्याच अंशी खरीही आहे. पण ती ज्या रीतीने सांगितली जाते, त्यात एक गफलत आहे. भाव वाढला म्हणजे कंपनीची किंमत सिद्ध झाली, आणि मंदीवाले हरले म्हणजे असत्य हरले, असा तिचा सूर असतो. गेल्या काही वर्षांत लाखो तरुणांनी डीमॅट खाती उघडली आहेत. त्यांच्या मोबाइलवर ही कथा शौर्यगाथा म्हणून फिरते. इतिहासाच्या अभ्यासकाने तिच्याकडे थोड्या संशयानेच पाहायला हवे.

आधी यंत्रणा समजून घेऊ. शंभर रुपयांचा शेअर कोणाकडून तरी उसना घ्यायचा आणि बाजारात विकून टाकायचा. पुढे भाव सत्तरवर आला की सत्तरला विकत घेऊन मूळ मालकाला परत करायचा. तीस रुपये आपले. यालाच शॉर्ट सेलिंग म्हणतात. अनेक बाजारांत तर उसना घेण्याचीही गरज नसे. विकताना फक्त कबुली द्यायची, आणि शेअर कुठून आणायचे ते हिशेबाच्या दिवसापर्यंत पाहून घ्यायचे.

या व्यवहाराचे गणित तिरके आहे. शेअर विकत घेणाऱ्याचे फार तर शंभर रुपये बुडतात, कारण भाव शून्याखाली जात नाही. आधी विकणाऱ्याचा फायदा मात्र शंभरावर थांबतो आणि तोट्याला वरची मर्यादाच नसते. भाव तीनशे झाला तर दोनशेचा तोटा, हजार झाला तर नऊशेचा.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. अशी प्रत्येक विक्री म्हणजे उद्याची सक्तीची खरेदी असते. विक्री होते त्या दिवशी भावावर खालचा दाब येतो हे खरे. पण ज्याने विकले त्याला कधीतरी विकत घ्यावेच लागणार. बाजार सुरळीत असेल तर ही खरेदी पडत्या भावाला टेकूच देते, कारण सारे घाबरून विकत असताना नफा पदरात पाडून घेण्यासाठी मंदीवालाच खरेदीला उभा राहतो. पण शेअर दुर्मिळ असतील आणि परतफेडीची तारीख डोक्यावर असेल, तर तीच खरेदी आगीत तेल ओतते. एक मंदीवाला घाबरून खरेदी करतो, त्याने भाव चढतो, चढलेल्या भावाने दुसरा घाबरतो. यालाच शॉर्ट स्क्वीझ म्हणतात. मराठीत त्याला कोंडी म्हणावे.

मंदीवाल्यावरचा नैतिक आरोप शेअर बाजाराइतकाच जुना आहे. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ साली स्थापन झाली. ॲमस्टरडॅमच्या सर्वांत मोठ्या भागधारकांपैकी एक होता इसाक ल मेर. संचालकांशी बिनसल्यावर १६०५ मध्ये तो कंपनीतून बाहेर पडला. १६०९ साली त्याने काही साथीदारांची गुप्त टोळी जमवली आणि कंपनीचे शेअर पुढच्या तारखेच्या कराराने विकण्याचा सपाटा लावला. भाव घसरू लागला.

संचालकांनी सरकारकडे धाव घेतली. त्यांच्या तक्रारीतला एक मुद्दा पुढची चारशे वर्षे टिकला आहे : या लोकांमुळे विधवा आणि अनाथांचे नुकसान होते. फेब्रुवारी १६१० मध्ये हाती नसलेले शेअर विकण्यास बंदी घालणारा हुकूम निघाला. ल मेरच्या टोळीतील काहींचे दिवाळे वाजले.

आता दुसरी बाजू. याच ल मेरने कंपनीच्या कारभारावर लेखी टीका केली होती. संचालक हिशेब नीट दाखवत नाहीत, ही त्या काळच्या अनेक भागधारकांची तक्रार होती आणि ती निराधार नव्हती. ल मेर स्वार्थी होता, सूडबुद्धीचाही होता. पण कंपनीच्या कारभारात काहीतरी बिघडले आहे असे म्हणणारा, आणि त्या म्हणण्यावर स्वतःचा पैसा लावणारा माणूस तोच होता. विधवा-अनाथांची आठवण संचालकांना नेमकी भाव पडल्यावरच कशी झाली, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी. बंदीचे म्हणाल तर तीच बंदी पुढील दशकांत पुन्हा पुन्हा जाहीर करावी लागली. जो हुकूम वारंवार काढावा लागतो तो पाळला जात नसतो, हे मध्ययुगीन फर्माने वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. (याच ल मेरचा मुलगा याकोब १६१६ साली दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून गेला आणि कंपनीने त्याचे जहाज जप्त केले. वैर एका पिढीत संपले नाही.)

कोंडीत भाव कुठवर जातो आणि त्याचा कंपनीच्या किमतीशी किती संबंध असतो, हे पाहायचे तर १९०१ च्या न्यूयॉर्कला जावे लागते.

नॉर्दर्न पॅसिफिक ही अमेरिकेच्या उत्तर भागातली रेल्वे. एका बाजूला जेम्स हिल आणि जे. पी. मॉर्गन, दुसऱ्या बाजूला एडवर्ड हॅरिमन आणि त्याचे बँकर कून-लोब. दोघांनाही शिकागोला पोहोचणारी बर्लिंग्टन रेल्वे हवी होती. हिल-मॉर्गन यांनी ती मिळवली, तेव्हा हॅरिमनने वेगळाच डाव टाकला. बर्लिंग्टनची मालक जी नॉर्दर्न पॅसिफिक, तीच तो गुपचूप बाजारातून विकत घेऊ लागला. मे महिन्याच्या आरंभी मॉर्गनच्या लोकांना सुगावा लागला आणि तेही खरेदीत उतरले.

भाव असा अकारण चढताना पाहून वॉल स्ट्रीटवरच्या हुशार मंडळींनी नेहमीचा निष्कर्ष काढला : हा फुगवटा आहे, उतरेल. त्यांनी शेअर उसने घेऊन विकले. त्यांचे गणित चुकीचे नव्हते. रेल्वेची मिळकत त्या भावाला शोभणारी नव्हतीच. पण समोरचे दोन्ही खरेदीदार नफ्यासाठी खरेदी करत नव्हते. त्यांना मालकी हवी होती आणि घेतलेला एकही शेअर ते परत विकणार नव्हते. थोड्याच दिवसांत दोन गटांनी मिळून इतके शेअर घेतले की अस्तित्वात होते त्याहून अधिक शेअर मंदीवाल्यांनी त्यांना विकलेले निघाले.

एप्रिलच्या आरंभी शंभर डॉलरच्या आसपास असलेला हा शेअर गुरुवार, ९ मे १९०१ रोजी हजार डॉलरला गेला. एका दिवसात रेल्वेचे रूळ दहापट लांब झाले नव्हते. कोणाला तरी त्या दिवशी कागद हवा होता आणि कागद नव्हता, एवढेच त्या हजाराचे मोल.

ही घटना एका वेगळ्या कारणासाठीही महत्त्वाची आहे. मंदीवाल्यांना नॉर्दर्न पॅसिफिक विकत घेण्यासाठी रोकड हवी होती. ती उभी करण्यासाठी त्यांनी जवळचे बाकी सारे विकायला काढले. त्यामुळे एक शेअर आकाशाला भिडला असताना उरलेला बाजार कोसळला. नुकतीच स्थापन झालेली यू. एस. स्टीलही त्यात घसरली. ज्यांचा या भांडणाशी काहीही संबंध नव्हता, असे सामान्य गुंतवणूकदार त्या दिवशी बुडाले. अखेर दोन्ही गटांनी समजुतीने घेतले आणि मंदीवाल्यांना १५० डॉलरच्या भावाने हिशेब मिटवू दिला. एका सकाळी हजार, हिशेबाला दीडशे. आणि हे दीडशे बाजाराने ठरवले नव्हते, दोन पेढ्यांच्या दिवाणखान्यांत ठरले होते.

हा धागा मनात ठेवून मुंबईला यावे.

१९८२ च्या दलाल स्ट्रीटवर आजच्यासारखी संगणकाची पडदा-व्यवस्था नव्हती. रिंगणात उभे राहून ओरडून सौदे होत. शेअर म्हणजे छापील प्रमाणपत्र, सोबत हस्तांतरणाचा सहीचा कागद. महत्त्वाच्या कंपन्यांच्या सौद्यांचा हिशेब ठरावीक पंधरवड्यांनी होई, त्याला वलण म्हणत. वलणाच्या दिवशी खरेदीदाराने पैसे आणि विक्रेत्याने शेअर द्यावेत अशी अपेक्षा. प्रत्यक्षात बहुतेक सौदे पुढच्या वलणावर ढकलले जात. त्या ढकलण्याची किंमत म्हणजे बदला.

तेजी असेल तर पैसे नसलेला खरेदीदार बदला भरी. पण शेअरची टंचाई झाली की उलटे घडे : शेअर नसलेल्या विक्रेत्याला खरेदीदाराच्या हातावर आकार ठेवावा लागे. त्याचे नाव उंधा बदला. गुजरातीतला हा शब्द मुंबईच्या बाजारात सगळ्यांच्या तोंडी होता. १९८२ ची सारी कथा या एका शब्दाभोवती फिरते, आणि लोकप्रिय कथनातून नेमका तोच गळून पडतो.

रिलायन्सचे शेअर १९७७ मध्ये जनतेसाठी खुले झाले. ही कंपनी भांडवलासाठी बँकांपेक्षा जनतेकडे पाहत होती. परिवर्तनीय कर्जरोखे काढायचे आणि पुढे त्यांचे शेअरमध्ये रूपांतर करायचे, ही तिची रीत. अशा कंपनीला चढा भाव ही प्रतिष्ठेची बाब तर असतेच, पण तेच तिचे इंधनही असते. भाव पडला तर पुढचे कर्जरोखे कोण घेणार? म्हणून मार्चमध्ये मंदीवाल्यांनी विक्रीचा मारा सुरू केला, तेव्हा हल्ला थेट कंपनीच्या भांडवल उभारणीच्या मार्गावर होता.

प्रचलित वृत्तांत असा : १८ मार्च १९८२ ला विक्री सुरू झाली, भाव १३१ रुपयांवरून खाली ढकलला गेला, आणि पुढच्या काही आठवड्यांत मंदीवाल्यांनी मिळून सुमारे अकरा लाख शेअर विकले. खरेदीदार वलणाच्या दिवशी पैशाअभावी माघार घेतील आणि बदला भरतील, असा त्यांचा होरा होता. ३० एप्रिलला खरेदीदारांनी पैसे समोर ठेवले आणि डिलिव्हरी मागितली. ती नसेल तर दर शेअरमागे जबर उंधा बदला. त्याचा आकडा कुठे २५ रुपये दिला जातो, कुठे ३५. मौखिक परंपरेत आकडे असेच वाढत-घटत राहतात. बाजार काही दिवस बंद राहिला, मंदीवाले शेअर शोधत देशभर फिरले, आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात भाव २०० च्या पुढे गेला.

आता विचारावे, हा २०० चा भाव काय सांगतो? रिलायन्सच्या कापडाचा दर्जा एप्रिल ते मे दरम्यान सुधारला नव्हता. नरोड्याच्या गिरणीत नवे माग बसले नव्हते. १९०१ च्या हजार डॉलरसारखाच हाही टंचाईचा भाव होता. कंपनी पुढे प्रचंड मोठी झाली, म्हणून १९८२ चा भाव बरोबर होता असे मागाहून वाटते. निकाल ठाऊक असताना आधीच्या घटनांना अर्थ देण्याची ही खोड इतिहासाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सोडायला शिकवतात.

दुसरा प्रश्न अधिक टोचणारा आहे. पैसे कोणाचे होते? १९८३ साली संसदेत अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी दिलेल्या माहितीतून पुढे आले की आइल ऑफ मॅन येथे नोंदलेल्या काही कंपन्यांनी अनिवासी भारतीयांच्या गुंतवणूक योजनेखाली रिलायन्सच्या शेअरमध्ये २० कोटींहून अधिक रुपये घातले होते. त्यांतल्या काहींची नावे क्रोकोडाइल आणि फियास्को अशी होती. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी असावी. वृत्तपत्रांत गदारोळ झाला, रिझर्व्ह बँकेने चौकशी केली, आणि बेकायदा काही आढळले नाही असा निष्कर्ष निघाला. तो निष्कर्ष मान्य करूनही एवढे उरतेच, की लोककथेतला ‘सामान्य भागधारकांचा विजय’ लढणाऱ्या दोन्ही बाजू मुठीएवढ्या होत्या. सामान्य भागधारकाला त्या दिवसांत बाजार बंद असल्याने विकताही आले नाही.

आणि म्हणून मंदीवाल्यांविषयी सहानुभूती वाटावी काय? मुळीच नाही. टोळी करून, अफवांच्या बळावर भाव पाडणे ही लबाडीच आहे. ल मेरने ती केली, कलकत्त्याच्या मंडळींनीही केली असावी असा सार्वत्रिक समज आहे. मात्र टोळी करून भाव चढवणे ही तितकीच लबाडी असते, आणि तिला आपल्याकडे कोणी लबाडी म्हणत नाही. तेजीवाला सगळ्यांचा मित्र असतो, कारण भाव चढताना सगळेच थोडेथोडे श्रीमंत होतात. दहा वर्षांनी, १९९२ मध्ये, या मैत्रीची किंमत मुंबईने मोजली. त्या वेळीही भाव फुगले आहेत असे म्हणणारे मंदीवालेच होते, आणि तेव्हाही त्यांची कोंडी करून टाकणारा माणूस वर्षभर नायक म्हणून मिरवला.

बदल्याची पद्धत त्यानंतर दीर्घकाळ रेंगाळली. सेबीने १९९३ च्या अखेरीस ती बंद केली, काही वर्षांत सुधारित रूपात परत येऊ दिली, आणि २००१ च्या घोटाळ्यानंतर जुलैमध्ये कायमची संपवली. संस्थांना शेअर रीतसर उसने घेऊन विकण्याची चौकट त्यानंतर, २००८ मध्ये प्रत्यक्षात आली.

अलीकडच्या दोन कोंड्या वाचकांना ठाऊक असतील, त्यामुळे थोडक्यात. ऑक्टोबर २००८ मध्ये पोर्शने जाहीर केले की फोक्सवॅगनचे ४२.६ टक्के शेअर आणि आणखी ३१.५ टक्क्यांवरचे हक्क आपल्याकडे आहेत. लोअर सॅक्सनी राज्याकडे सुमारे २० टक्के होते. बाजारात उरले सहा टक्क्यांहून कमी, आणि मंदीवाल्यांनी विकले होते त्याच्या दुपटीच्या आसपास. जगभर बाजार कोसळत असताना फोक्सवॅगनचा शेअर हजार युरोंच्या वर गेला आणि काही तास ती जगातली सर्वांत मूल्यवान कंपनी ठरली. पोर्शचे पुढे काय झाले? कर्जाखाली दबून ती स्वतःच फोक्सवॅगनच्या पोटात गेली.

जानेवारी २०२१ मधले गेमस्टॉपचे प्रकरण ‘सामान्यांचे बंड’ म्हणून गाजले. भाव शिखरावर असताना २८ जानेवारीला रॉबिनहूडसह काही दलाली कंपन्यांनी खरेदीच थांबवली. विकता येत होते, घेता येत नव्हते. त्यामागे हिशेब मिटवणाऱ्या संस्थेने मागितलेली प्रचंड अनामत होती. कट नसेलही. पण कोंडीत सापडलेल्याला श्वास मिळाला तो नियमाच्या एका कलमातून, हे खरेच.

आणि इथे मेम्फिसच्या किराणा दुकानदाराची आठवण अपरिहार्य आहे. क्लॅरेन्स सॉन्डर्स याने १९१६ साली पिगली विगली नावाचे दुकान काढले. गिऱ्हाइकाने टोपली घेऊन स्वतःच फळीवरून वस्तू उचलायच्या आणि दाराशी पैसे द्यायचे, ही आज जगभर रूढ झालेली पद्धत त्याने रुळवली. १९२२ मध्ये न्यूयॉर्ककडची, त्याच्या मालकीची नसलेली पण तेच नाव वापरणारी काही दुकाने बुडाली, तेव्हा वॉल स्ट्रीटच्या मंदीवाल्यांनी मूळ कंपनीचेच शेअर विकायला सुरुवात केली.

सॉन्डर्स चिडला. दक्षिणेतल्या बँकांकडून त्याने सुमारे एक कोटी डॉलर कर्ज काढले आणि शेअर गोळा करू लागला. त्याच्या मदतीला होता जेसी लिव्हरमोर, म्हणजे त्या काळचा सर्वांत नामांकित मंदीवालाच. कंपनीच्या दोन लाख शेअरपैकी जवळजवळ सारे सॉन्डर्सच्या हाती आले. २० मार्च १९२३ रोजी त्याने डिलिव्हरी मागितली. भाव पंचाहत्तरच्या आसपास उघडून १२४ डॉलरला गेला.

धीरुभाईंनी ५९ वर्षांनी जे केले, तेच सॉन्डर्सने तोवर पार पाडले होते. पैसे रोख, शेअर ताब्यात, विक्रेते उघडे. फरक पुढच्या काही तासांत पडला. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजने पिगली विगलीचे व्यवहार स्थगित केले आणि मंदीवाल्यांना शेअर आणून देण्यासाठी मुदत वाढवून दिली. एरवी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जे द्यायचे, त्यासाठी आता पुढच्या सोमवारपर्यंत वेळ होता. तेवढ्या दिवसांत गावोगावच्या लहान भागधारकांकडे उरलेसुरले शेअर शोधून काढले गेले. ज्यांनी ही मुदत दिली, त्या बाजाराच्या सदस्यांतच काही मंदीवाले होते, अशी सॉन्डर्सची जाहीर तक्रार होती.

त्याच्या हाती राहिले कंपनीचे जवळजवळ सगळे शेअर, ते विकण्यासाठी बंद झालेला बाजार, आणि दक्षिणेतल्या बँकांचे कर्ज. मेम्फिसच्या नागरिकांनी हे शेअर विकत घ्यावेत म्हणून शहरात मोठी मोहीम झाली, ती फसली. १९२४ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. गुलाबी संगमरवराचा जो वाडा तो स्वतःसाठी बांधत होता, तो अर्धवट अवस्थेतच हातचा गेला आणि पुढे शहराचे संग्रहालय झाला. तिथे आज त्याच्या पहिल्या दुकानाची प्रतिकृती मांडलेली आहे : लाकडी फळ्या, डबे, टोपल्या आणि आत जाण्याचे फिरते दार.